काळजाचे दुखणे आणि घरची रीत

छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम फुटला. पोरांनी गाडी काढली. आधी तालुक्याला नेले, तिथून जिल्ह्याला नेले. आठ दिवसांनी माणूस घरी आला. दारात भाकरतुकडा ओवाळला. सारी आळी बघायला लोटली. जो तो म्हणू लागला, "देव पावला. मोठे संकट टळले."

संकट टळले हे खरे. पण दुखणे गेले का? तेच आज आपण बघू. त्यासाठी आधी हृदयाची थोडी माहिती घेतली पाहिजे.

हृदय म्हणजे आपण बोलताना ज्याला काळीज म्हणतो ते. (खाटकाच्या दुकानात ज्याला काळीज म्हणतात ते निराळे. ते यकृत. नावाचा हा घोटाळा जुना आहे.) हृदय आपल्या मुठीएवढे असते. ते मांसाचेच, पण फार कष्टाळू मांसाचे. मिनिटाला सुमारे ७० ठोके, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख. बैल आपण दुपारी सोडतो. विहिरीवरची मोटार रात्री बंद करतो. हृदयाला मात्र जन्मल्यापासून सुट्टी नाही.

साऱ्या अंगाला रक्त पोचवणाऱ्या या हृदयाला स्वतःलाही रक्त लागते. ते आणणाऱ्या नळ्या हृदयाच्याच अंगावरून फिरलेल्या असतात. त्या फार बारीक. ज्वारीचा एक दाणा जेमतेम जाईल एवढेच त्यांचे तोंड. या नळ्यांत वर्षानुवर्षे मेद साचत जातो. पाटात गाळ साचतो तसा, असे पुष्कळ जण सांगतात. ते अर्धेच खरे आहे. मेद नळीच्या भिंतीत, आतल्या अस्तराखाली साचतो. तिथे गळवासारखा फुगवटा येतो. बरेचदा माणसाला काही कळतही नाही. मग एके दिवशी ते अस्तर फाटते. शरीराला वाटते, जखम झाली. जखमेवर रक्त गोठते तसे तिथे रक्त गोठते. गुठळी होते आणि ज्वारीच्या दाण्याएवढी वाट बंद पडते. पुढच्या मांसाला रक्त मिळत नाही. ते मरू लागते. यालाच आपण हृदयविकाराचा झटका किंवा हार्ट अटॅक म्हणतो.

दवाखान्यात डॉक्टर काय करतात? हाताच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक तार घालतात. तिच्यावरून फुगा नेऊन बंद जागा उघडतात आणि तिथे धातूची बारीक जाळी बसवतात. या जाळीला स्टेंट म्हणतात. काही जणांची बायपास शस्त्रक्रिया करावी लागते. दोन्ही उपाय मोलाचे आहेत, त्यांनी लाखो माणसे वाचली आहेत. पण विचार करा. पाट एका जागी फुटला, ती जागा बांधून काढली. बाकीचा पाट तसाच आहे ना? जाळीने एक जागा उघडली. बाकीच्या नळ्यांतला मेद जागच्या जागीच आहे. ज्या कारणांनी तो साचला, ती कारणे माणसाबरोबर घरी परत आली आहेत.

ही कारणे आता चांगली ठाऊक झाली आहेत. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचे एक गाव आहे. तिथल्या हजारो माणसांची तपासणी १९४८ साली सुरू झाली आणि वर्षानुवर्षे चालू राहिली. रक्तदाब, रक्तातली चरबी आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी संबंध आहे हे त्यातून उघड झाले. पुढे २००४ साली आपल्या देशासह ५२ देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के भार नऊ गोष्टींवर आहे, असे त्यात दिसले. तंबाखू, रक्तातली बिघडलेली चरबी, रक्तदाब, साखरेचा आजार, पोटाचा घेर, मनाचा ताण, भाजी-फळे न खाणे, अंगाला व्यायाम नसणे आणि दारूची सवय या त्या गोष्टी. त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली. भारत आणि आसपासच्या देशांत पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो. आपल्याकडे निम्म्या लोकांना तो त्रेपन्न वर्षांच्या आतच आलेला होता. म्हणजे पोरीचे लग्न व्हायचे असते, सोसायटीचे कर्ज फिटायचे असते, त्या वयात.

तुम्ही म्हणाल, एकदा मरण बघून आलेला माणूस सुधारणार नाही तर कोण सुधारेल? मलाही तसेच वाटे. पण आकडे निराळे सांगतात. २०१३ साली १७ देशांतली माहिती प्रसिद्ध झाली. त्यातही आपला देश होता. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेली साडेसात हजार माणसे त्यात होती. धूम्रपान नाही, खाणे योग्य, हालचाल भरपूर, या तिन्ही गोष्टी पाळणारी माणसे शंभरात किती निघाली? जेमतेम चार. तीनपैकी एकही न पाळणारी शंभरात चौदा.

असे का होते? मला वाटते, याचे उत्तर आपल्या एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे पथ्य. ताप आला की पथ्य. बाळंतिणीला पथ्य. पण पथ्य हे दुखणे असेतो पाळायचे असते. दुखणे गेले की पथ्य सुटते, हे आपल्या मनात लहानपणापासून बसलेले आहे. आणि हे दुखणे असे की ते दुखतच नाही. जाळी बसली, कळ थांबली. मग माणूस म्हणतो, आता बरा झालो. पथ्य सुटले. इथे पथ्य कामाचे नाही. घराची रीतच बदलावी लागते.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याची हकीगत सांगतो. आपण त्यांना आबा म्हणू. वय चोपन्न. २०२१ साली ऊस कारखान्याला गेल्यावर त्यांना झटका आला. जाळी बसली. घरी आल्यावर दोन महिने आबांनी सारे काटेकोर पाळले. तंबाखूची चंची गोठ्याच्या छपरात खोचून टाकली. त्यांच्यासाठी वेगळ्या पातेलीत अळणी भाजी शिजू लागली. घरचे सगळे झणझणीत कालवण खात, आणि आबा कोपऱ्यात आपली अळणी भाजी. पोळ्याच्या दिवशी त्यांनी ताट सरकवले. म्हणाले, "सणाच्या दिवशी तरी माणसासारखं जेवू द्या." दुसऱ्या दिवसापासून वेगळी पातेली बंद झाली. दसऱ्याला पारावर कुणीतरी तंबाखू मळून पुढे केली. नाही म्हणवेना. दिवाळीनंतर गोळ्या संपल्या, त्या आणायच्या राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा झटका आला. तेव्हाचे डॉक्टरांचे आणि त्यांचे बोलणे असे झाले.

"आबा, गोळ्या कुणी बंद केल्या?"

"कुणी न्हाई, साहेब. मीच केल्या. दुखतच न्हवतं, मग कशाला खायच्या?"

"दुखू नये म्हणूनच त्या होत्या, आबा."

आबा वाचले, पण हृदय कमजोर झाले. आता बांध चढताना त्यांना मध्ये थांबावे लागते. रानातले जड काम मुलाकडे गेले. या वेळी मात्र घराने निराळी युक्ती केली. ती त्यांच्या सूनबाईंनी काढली. त्या म्हणाल्या, "मामांना वेगळं शिजवायचं न्हाई. ते जे खातील तेच आपण सगळे खाऊ." चुलीवर एकच पातेले चढू लागले. त्याला आता तीन वर्षे होऊन गेली. वेगळी पातेली चार महिनेही टिकली नव्हती.

म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातून करू. मीठ आणि तेल, या दोन गोष्टींचे गणित मांडू. शाळेत शिकवायचो तसेच. मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे एक चहाचा चमचा सपाट. घरात पाच मोठी माणसे असतील तर दिवसाला पंचवीस ग्रॅम. म्हणजे किलोची पिशवी निदान चाळीस दिवस पुरली पाहिजे. तुमच्या घरात ती किती दिवस पुरते? पिशवी फोडाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि बघा. शिवाय लोणचे, पापड, खारवलेली मिरची, सुकी मासळी, फरसाण, बिस्किटे यांतले मीठ वेगळेच. ते या हिशेबात धरलेलेच नाही. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते. काहींना ते चांगले, पण ज्याची मूत्रपिंडे बिघडली आहेत किंवा ज्याला काही ठरावीक गोळ्या चालू आहेत त्याला ते घातक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

एकदम मीठ तोडले तर सारे घर रुसेल. दर आठवड्याला चिमूटभर कमी करा. जिभेला काही आठवड्यांत सवय होते. लिंबू, आमसूल, लसूण, जिरे, कोथिंबीर हात राखून घालू नका. आणि लोणच्याची बरणी जेवताना जवळ ठेवू नका, फडताळात ठेवा. उठून आणावी लागली की निम्मे लोणचे आपोआप कमी होते.

तेलाचे गणितही असेच. माणशी महिन्याला अर्धा लिटर हा सर्वसाधारण हिशेब धरा. पाच माणसांना अडीच लिटर. कोणते तेल चांगले यावर आपल्याकडे फार वाद चालतात. किती तेल, हा प्रश्न आधी विचारावा. डालडा, म्हणजे वनस्पती तूप, टाळलेले बरे. त्यातल्या घातक चरबीवर सरकारने २०२२ सालापासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तरी ती गोठलेली चरबीच. कढईतले तेच तेल पुन्हापुन्हा तापवून तळलेली भजी-वडेही वाईट. बाकी आपले जुने जेवण काही वाईट नव्हते. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, डाळ, मेथी-चवळीची पालेभाजी, कांदा, काकडी, मूठभर शेंगदाणे. महागडी फळे लागत नाहीत, पेरू आणि केळी चालतात. पण साखरेचा आजार असेल तर किती खायचे ते डॉक्टरांकडून समजून घ्या. भाकरीवर तर्रीचा थर ओतायचा आणि बरोबर पाव खायचा, ही रीत अलीकडची आहे.

आता तंबाखू. यावर थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण आबांचे घोडे इथेच अडले होते. तंबाखूतल्या निकोटिनने हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्ताच्या नळ्या आकसतात. बिडी-सिगरेटच्या धुराने गुठळी लवकर होते. बिडी सोडली तर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. याहून स्वस्त औषध कुठल्या दुकानात मिळणार? "मी ओढत नाही, नुसता बार भरतो" असे म्हणून सुटका नाही. चघळायची तंबाखू, गुटखा, बायकांची मशेरी, सगळे त्यातच आले. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो ते मी सांगायची गरज नाही.

अडचण अशी की आपल्याकडे तंबाखू हा मानपान आहे. समोरचा मळून देतो, चुना लावून देतो. नाही म्हटले तर त्याला वाटते, हा मोठा झाला. म्हणून दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच आठवड्यात पारावरच्या मंडळींना उघड सांगावे, "डॉक्टरांनी बंद केली आहे. मला देऊ नका, माझ्याकडे मागू नका." चार लोकांत बोललेला शब्द मोडायला जड जातो. चंची छपरात खोचून ठेवू नये. आबांची चंची दसऱ्यापर्यंत तिथेच होती. चुन्याची डबीसुद्धा घराबाहेर गेली पाहिजे. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका, पाणी प्या, उठून गोठ्यात चक्कर मारा. पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होते. घरच्यांनी ती मनावर घेऊ नये. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारचा फुकट दूरध्वनी आहे. त्याचा क्रमांक १८०० ११ २३५६.

चालण्याचे सांगितले की शेतकरी हसतात. "गुरुजी, आम्ही दिवसभर रानातच असतो." बरोबर आहे. पण रानात जाता कशावर? मोटारसायकलवर. नांगरट ट्रॅक्टर करतो. पाणी सोडायला बटण दाबायचे. पूर्वीचे कष्ट राहिले नाहीत आणि भाकरी मात्र पूर्वीइतकीच. उलट कधी एकदम पोते उचलायचे, हे झटका येऊन गेलेल्या माणसाला सुरुवातीला वाईटच. डॉक्टरांची परवानगी मिळाली की सपाट वाटेवर पाच-दहा मिनिटांपासून चालायला लागा. दर आठवड्याला थोडे वाढवा. पुढे आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. वेग किती? बरोबरच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. छाती दाबल्यासारखी वाटली, चक्कर आली, तर लगेच थांबा. जेवल्याबरोबर चालू नका, भर उन्हात चालू नका.

योगाचेही लोक विचारतात. झटका येऊन गेलेल्या जवळजवळ चार हजार माणसांवर भारतातल्या २४ रुग्णालयांत एक प्रयोग झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. योग शिकलेल्यांना प्रकृती अधिक बरी वाटली आणि ती आपल्या कामाला चांगली लागली. मरण टळते असे मात्र त्यातून ठामपणे सिद्ध झाले नाही. म्हणून योग जरूर करा, गोळ्या सोडून नव्हे.

नवी सवय अंगात मुरायला किती दिवस लागतात? लंडनच्या एका विद्यापीठाने हे मोजले. तो अभ्यास २०१० साली छापला गेला. कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५० च्या वर लागतील असे दिसले. मधला आकडा ६६ दिवसांचा. म्हणजे सुमारे दोन महिने. आबांचे पथ्य नेमके तिथेच मोडले. त्या अभ्यासात दुसरीही एक उपयोगाची गोष्ट आहे. एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडले नाही. सणाला पुरणपोळी खाल्ली म्हणजे सारे संपले असे नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोजचे चालू करायचे. आणखी असे की, नवी सवय जुन्या कामाला बांधली की ती लवकर बसते. डेअरीत दूध घालायला रोज जातोच ना? मग गाडी घरी ठेवून चालत जा. आबा आता तसेच जातात.

गोळ्यांचेही तसेच. सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणाला गोळी जोडून टाका. एखाद्या नातवाला कॅलेंडरवर रोज खूण करायला सांगा. पोरे या कामात फार कडक असतात. जाळी बसल्यावर रक्त गोठू नये म्हणून दोन प्रकारच्या गोळ्या देतात. त्यांपैकी एक बहुधा वर्षभर आणि दुसरी पुढेही चालते. त्या मनाने बंद केल्या तर जाळीतच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी दंतवैद्याला त्या गोळ्या दाखवा, पण आपल्या मनाने थांबवू नका. एकादशीच्या उपासालाही गोळी चुकवू नये. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपास धरण्याआधीच डॉक्टरांना विचारा. गोळीच्या पाकिटावरचे नाव बहुधा इंग्रजीत असते. औषधवाल्याकडून त्यावर मराठीत लिहून घ्या: कशाची गोळी, केव्हा घ्यायची. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे कारण नाही. पैशाची अडचण असेल तर ती लपवू नका. जनऔषधी केंद्रात हीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळते. रक्तदाबाचे दोन आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा.

मनाचे राहिले. दवाखान्यातून आलेला माणूस पुष्कळदा गप्प होतो. रात्री दचकून उठतो. घरचे त्याला काचेच्या भांड्यासारखे जपतात, "उठू नका, हे करू नका." त्याने तो आणखी खचतो. त्याला जमेल ते काम करू द्यावे. नवराबायकोच्या संबंधांविषयी तर कुणी लाजून विचारतच नाही. दोन जिने दम न लागता चढता येऊ लागले की बहुतेकांना त्याची भीती नसते, पण डॉक्टरांना एकदा विचारावे. त्यांना त्यात नवल वाटत नाही. उदासपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर तेही त्यांना सांगावे. दारूने तो जात नाही.

आणि एवढे करूनही पुन्हा कळ आली तर? छातीच्या मध्यभागी दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, धाप. बायकांना आणि साखरेच्या रुग्णांना कधी नुसता थकवा येतो, मळमळ होते. "गॅस झाला" म्हणून ओवा खात बसू नका. काम टाकून बसा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर बसूनच ती घ्या. पाच मिनिटांत थांबले नाही, तर १०८ ला फोन करा. चालत किंवा स्वतः गाडी चालवत जाऊ नका. रात्री रुग्णवाहिकेला उशीर लागणार असेल तर गावात कुणाची चारचाकी मिळेल, जवळच्या कोणत्या दवाखान्यात हृदयाचा आलेख निघतो, कोणते कागद बरोबर न्यायचे, हे आजच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ती वही घरातल्या लहान-थोर सगळ्यांना दाखवून ठेवा.